प्लास्टिकचे डबे, ताटल्या आणि त्यांतलं शिसं-कॅडमियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डब्यांबद्दलचे प्रश्न ओळखीपाळखीतून माझ्याकडे येत राहतात. प्रत्येकाला वेगळं लिहिताना तेच तेच लिहिलं जातं, म्हणून हे सगळं एका ठिकाणी केलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, सारखे मात्र एकत्र केलेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. प्लास्टिक तर खनिज तेलापासून बनतं. त्यात शिसं, कॅडमियम येईलच कुठून?

मुख्य वाट रंगाची. डब्यांसाठी वापरलं जाणारं निव्वळ पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक दुधट असतं. त्याला लाल, केशरी, पिवळं करायचं तर रंगद्रव्य मिसळावं लागतं, आणि कारखान्यात ते ‘मास्टरबॅच’ म्हणजे गडद रंगाच्या दाण्यांच्या रूपात येतं. साच्यात ओतताना प्लास्टिक दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापतं. त्या उष्णतेत बरेच रंग करपतात, पण कॅडमियम सल्फाइडचा पिवळा आणि त्यात सेलेनियम मिसळून होणारे केशरी-लाल रंग टिकून राहतात, उन्हातही फिके पडत नाहीत. लेड क्रोमेटचा पिवळा स्वस्त आणि दाट बसणारा. विसाव्या शतकात हे दोन्ही प्लास्टिकमध्ये भरपूर वापरले गेले.

दुसरी वाट पीव्हीसीची. ते तापवताना बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. आपल्याकडे पाण्याच्या पीव्हीसी पाइपांमधून शिसं हद्दपार करण्यासाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले.

तिसरी वाट भंगाराची. तिच्याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. अँटिमनी नावाच्या धातूचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १० मध्ये.

२. इतक्या थोड्या धातूने शरीराचं काय बिघडणार?

शिशाचा फटका सगळ्यात आधी लहान मुलांच्या मेंदूला बसतो. शिकणं, लक्ष लागणं, वागणं, सगळ्यावर परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची ‘इतकी चालेल’ अशी सुरक्षित पातळी माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. ते हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून पुन्हा रक्तात उतरतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज होता. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली.

ही सगळी डब्यांची करणी नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणं, रंग, भेसळीचे मसाले यांचा वाटा मोठा आहे. पण ज्या मुलाच्या अंगात आधीच शिसं आहे, त्याला डब्यातून आणखी का द्यायचं?

कॅडमियम मूत्रपिंडात घर करतं. तिथून निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात, म्हणजे थोडं थोडं गेलेलंही साचत जातं. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ खाऊन ‘इताई-इताई’ हा हाडं ठिसूळ करणारा आजार झाला, त्यामागे हाच धातू होता. ती मात्रा खूप मोठी होती, डब्याशी तिची तुलना करू नये. कॅडमियम किती चिवट आहे ते कळावं, एवढ्यासाठीच सांगितलं.

३. आमच्याकडे लाल झाकणांचे डबे आहेत. म्हणजे सगळे विषारी?

नाही. आज लाल-पिवळ्यासाठी धातू नसलेले सेंद्रिय (म्हणजे कार्बनी रसायनांचे) रंग सर्रास मिळतात, आणि चांगले उत्पादक तेच वापरतात. नुसता रंग बघून दोषी ठरवता येत नाही. शंका कुठे जास्त घ्यायची, एवढं मात्र रंगावरून कळतं.

भडक पिवळा, केशरी, लाल यांत कॅडमियम किंवा शिशाची शक्यता सर्वांत जास्त. हिरवा फसवा असतो, कारण तो पुष्कळदा पिवळ्यात निळा मिसळून केलेला असतो आणि तो पिवळा कुठला हे दिसत नाही. निळ्या रंगात साधारणपणे तांब्याचं थॅलोसायनिन असतं, त्यातलं तांबं रेणूत घट्ट बांधलेलं असल्याने त्याची काळजी नको. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. काळा रंग स्वतः निव्वळ काजळीचा. काळ्या प्लास्टिकचा दोष रंगात नसून मूळ मालात असतो.

अन्न ठेवायला डबा विकत घेताना मी रंगहीन, आरपार दिसणारा घेते. रंगच नसला की रंगातून येणाऱ्या धातूचा प्रश्न मिटतो.

४. रंग प्लास्टिकमध्ये पक्का बसलेला असतो ना? मग तो जेवणात कसा उतरेल?

बराचसा उतरत नाही, हे खरं. रंगाचे कण प्लास्टिकच्या आत अडकलेले असतात, पाण्यात ते विरघळतही नाहीत. नव्या गुळगुळीत डब्यात कोरडा चिवडा ठेवला तर जवळपास काहीच येणार नाही. चार गोष्टी जमल्या की गणित बदलतं: आंबट, गरम, लांब मुदत आणि चरे. कोकम, चिंचेचा कोळ, लिंबाचं लोणचं, ताक, टोमॅटोचं सार यांतलं आम्ल पृष्ठभागाजवळचे कण विरघळवतं. उष्णतेने हे वेगाने होतं. तारेच्या घासणीने डबा खरवडला की आतले कण उघडे पडतात. वर्षानुवर्षं उन्हात वाळवलेलं प्लास्टिक पांढुरकं, भुसभुशीत होतं आणि हाताला त्याची भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे प्लास्टिक आणि त्यातला रंगही.

आकड्यांत पाहू. समजा ५० ग्रॅमच्या डब्यात दर दहा लाख भागांमागे १०० भाग शिसं आहे. म्हणजे डब्यात एकूण ५ मिलिग्रॅम, अर्थात ५००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातल्या शिशाबाबत काळजीची जी रेषा आखली आहे, ती लहान मुलांसाठी दिवसाला २.२ आणि प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅमची. या डब्यातलं शिसं हजारात एक भाग जरी एका दिवसात आमटीत उतरलं, तरी ते ५ मायक्रोग्रॅम होतं. ‘हजारात एक’ हे मी हिशोबासाठी धरलं आहे. प्रत्यक्षात ते याहून बरंच कमी असू शकतं, डबा कसा आहे आणि त्यात काय ठेवलं आहे त्यावर ते ठरतं.

५. सासूबाईंचे १९८० च्या सुमाराचे डबे अजून ठणठणीत आहेत. टाकवत नाहीत. काय करू?

हा प्रश्न मला फार जवळचा. आमच्याकडे केशरी रंगाची, जाड, स्क्रूच्या झाकणाची एक बरणी होती. आईचं कैरीचं लोणचं वीसेक वर्षं तिच्यातच असायचं. आंबट, तेलकट, खारट आणि मुरायला महिनोन्‌महिने! आज माझ्या विद्यार्थ्यांना वाईटातला वाईट नमुना सांगायचा झाला, तर मी तीच बरणी सांगेन.

जुना माल जाड आणि टिकाऊ असतो, पण कॅडमियमचे रंग चलनात होते त्या काळातला असतो. युरोपने प्लास्टिकमधल्या कॅडमियमवर मोठे निर्बंध आणले ते १९९१ मध्ये. त्याआधीचा लाल, केशरी, पिवळा, मोहरी रंगाचा डबा अन्नासाठी वापरू नका. टाकवत नसेल तर ठेवा, पण त्यात बटणं, सुया-दोरे, खिळे ठेवा. कडधान्यंही नकोत, विशेषतः डबा भुसभुशीत झाला असेल तर. कामाला येणाऱ्या बाईंना ‘घेऊन जा’ म्हणून तो देऊ नका. जे आपल्या मुलांना नको, ते त्यांच्या मुलांनाही नको.

६. पार्सलचे काळे डबे धुऊन पुन्हा वापरले तर चालतील?

नकोत. अन्नासाठी तर नकोतच.

काळं प्लास्टिक स्वस्त पडण्याचं एक कारण असं, की कुठल्याही रंगाचं मिश्र भंगार वितळवून काजळी घातली की एकसारखं काळं होतं. त्या भंगारात टीव्हीची कवचं, कॉम्प्युटरची खोकी, वायरींचे तुकडे आले, तर त्यांच्याबरोबर आग विझवणारी ब्रोमीनची रसायनं, त्यांच्या जोडीला घातलेलं अँटिमनी, शिसं, कॅडमियम हेही येतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी क्ष-किरण यंत्राने काळ्या वस्तू तपासल्या. त्यांच्या २०१८ च्या लेखात रोजच्या वापरातल्या काळ्या प्लास्टिकमध्ये हेच घटक सापडल्याचं सविस्तर आलं आहे.

धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये मुंबईचं प्लास्टिक निवडलं, तुकडे करून धुतलं आणि दाणा करून विकलं जातं. ते काम कष्टाचं आहे, शहरावर उपकार करणारं आहे, आणि निवडणाऱ्यांच्या हातांना प्लास्टिकची जात फार अचूक कळते. पण डोळ्यांनी आणि बोटांनी शिसं कळत नाही. असा दाणा बादल्या, कुंड्या, खुर्च्या, चपलांसाठी ठीक आहे. जेवणासाठी नाही.

सगळे काळे डबे भंगाराचेच असतात असं नाही, ताज्या मालाचेही असतात. पण ग्राहकाला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. घरी पोचल्यावर गरम भाजी लगेच स्टीलच्या भांड्यात काढा.

७. काळ्या प्लास्टिकचं ते संशोधन चुकीचं निघालं ना? मग काळजी कशाला?

चूक झाली होती, आणि ती कबूल केली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या स्वयंपाकाच्या वस्तूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६० किलो वजनाच्या माणसासाठी मर्यादा काढताना ७००० गुणिले ६० हा गुणाकार ४,२०,००० ऐवजी ४२,००० लिहिला गेला, म्हणजे एक शून्य कमी. त्यामुळे अंगात जाणारं प्रमाण मर्यादेला भिडल्यासारखं दिसलं. प्रत्यक्षात ते दहाव्या भागाच्या आसपास होतं. डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापली गेली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो अभ्यास आगरोधक रसायनांचा होता, शिसं-कॅडमियमचा नव्हता. आणि इलेक्ट्रॉनिक भंगारातली रसायनं स्वयंपाकाच्या वस्तूंत सापडली, हा त्याचा मूळ निष्कर्ष गुणाकाराच्या चुकीने बदलत नाही.

८. डब्याखाली त्रिकोणात ५ आहे, ‘बीपीए फ्री’ आणि ‘मायक्रोवेव्ह सेफ’ही लिहिलंय. पुरेसं आहे ना?

या तिन्हींपैकी एकही खूण धातूंबद्दल बोलत नाही. त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो: १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), २ आणि ४ पॉलिथिलीन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकी सगळं. बीपीए हे एक सेंद्रिय रसायन, त्याचा रंगाशी संबंध नाही. मायक्रोवेव्ह सेफचा मुख्य अर्थ, डबा तापल्यावर वितळणार किंवा वाकडा होणार नाही. पेला आणि काटा-चमच्याचं चिन्ह असेल तर तो अन्नासाठी बनवल्याचा उत्पादकाचा दावा असतो. काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

९. भारतात यावर कायदा आहे की नाही?

आहे. एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याचे पॅकेजिंगचे नियम २०१८ चे, १ जुलै २०१९ पासून लागू. प्लास्टिकमधून अन्नात एकूण उतरणारं द्रव्य किलोला ६० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि बेरियम, कोबाल्ट, अँटिमनी अशा काही धातूंना वेगळ्या मर्यादा आहेत. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये कोणते रंग चालतात, ते आयएस ९८३३ या भारतीय मानकात आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी खाण्यासाठी तयार अन्नाला पुनर्वापरित प्लास्टिक वापरायला मनाई केली. पुढे एफएसएसएआयच्या निकषांतून जाणाऱ्या पुनर्वापरित पेटसाठी वाट उघडली गेली. बाळाच्या दुधाच्या बाटलीसाठी आयएस १४६२५ हे मानक आहे. त्या खुणेशिवाय बाटली घेऊ नका.

उणीव अशी, की पॅकेजिंगचे नियम अन्नव्यवसाय करणाऱ्यांना बांधतात. आठवडी बाजारात ढिगाने विकला जाणारा, नाव-गाव नसलेला रिकामा डबा कुणी तपासायचा, हे ग्राहकाच्या बाजूने कुठेच ठळक होत नाही. त्या ढिगातून अन्नाचा डबा घेऊ नका, माझं मत स्पष्ट आहे. हॉटेल किंवा फरसाणवाल्याच्या पॅकिंगबद्दल तक्रार असेल तर ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

१०. बाटलीबंद पाणी गाडीत उन्हात राहिलं. प्यावं का?

पेट बनवताना अँटिमनीचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात, त्यामुळे पारदर्शक बाटलीतही हा धातू असतो. ‘रंगहीन घ्या’ या सल्ल्याला हा अपवाद. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये बाटल्या तापवून पाहिल्या. लिटरला ६ मायक्रोग्रॅम ही अमेरिकी मर्यादा ओलांडायला ६० अंशांवर १७६ दिवस लागतील, ७० अंशांवर १२ दिवस आणि ८० अंशांवर २.३ दिवस, असा त्यांचा हिशोब होता. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी कितीही तापली, तरी एका दुपारी ही मर्यादा ओलांडली जाणार नाही. तहान लागली असेल तर प्या. पण अशा बाटल्यांची खोकी उन्हात महिनोन्‌महिने साठवणं वेगळं, आणि त्याच बाटलीत उकळतं पाणी किंवा काढा भरणं तर नकोच.

११. मेलामाइनच्या ताटल्यांत गरम वाढावं का?

मेलामाइन हा धातू नव्हे. त्याची आणि फॉर्मल्डिहाइडची मिळून ती कडक ताटली बनते. ७० अंशांपेक्षा गरम पदार्थ, मायक्रोवेव्ह आणि आंबट यांपासून ती दूर ठेवावी. धातूंचा प्रश्न येतो तो तिच्यावरच्या नक्षीत. नक्षी झिजून खडबडीत झाली असेल, तर ती ताटली जेवणाच्या पानातून काढा. पेल्यांच्या नक्षीलाही हेच लागू: ओठ लागतो त्या कडेपासून दोन सेंटिमीटरपर्यंत रंग नसावा. २०१० मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत कार्टूनची चित्रं असलेले सव्वा कोटीच्या आसपास काचेचे पेले परत मागवले, ते चित्राच्या रंगात कॅडमियम होतं म्हणून.

१२. डब्याला आमटीचा पिवळा डाग पडला, जात नाही. हा धातूचा परिणाम?

नाही, ती हळद. कुर्क्युमिन तेलात विरघळतं आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरतं. डबा दोन दिवस उन्हात ठेवा, डाग फिका होईल. मात्र हळद चमकदार दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट मिसळलं जातं, म्हणजे प्रश्न १ मधलाच पिवळा रंग. बांगलादेशात २०१९ मध्ये हा प्रकार उघड झाला. लहान मुलाच्या घरात डब्याइतकंच हळदीकडेही लक्ष द्या. हळकुंडं आणून दळून घेणं हा जुना उपाय आजही चांगला.

१३. घरी तपासता येतं का?

भरवशाने नाही. ऑनलाइन मिळणारी, लाल होणारी शिशाची काडी रंगाच्या थरासाठी असते. प्लास्टिकच्या आतलं शिसं तिला सापडत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये अशी घरगुती किट तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्यांनी असलेलं शिसं ‘नाही’ म्हणून दाखवलं. क्ष-किरण यंत्र धातू एकूण किती आहे ते सांगतं, अन्नात किती उतरेल ते सांगत नाही. त्यासाठी ॲसिटिक आम्लात डबा ठेवून मोजावं लागतं, तेही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. त्या खर्चात घरभर काचेच्या बरण्या येतील.

१४. डिस्टेंपरची रिकामी बादली धुऊन पिण्याचं पाणी भरतो. काय हरकत?

मोठी हरकत आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या बादलीच्या भिंतीत काय मुरलं आहे, सांगता येत नाही. शिवाय रंगात बुरशीनाशकंही असतात आणि बादली अन्नासाठी बनलेलीच नसते. फरशी पुसायला वापरा. पाणी, पीठ, धान्य भरू नका. औषध फवारणीच्या कॅनला हे दसपट लागू.

१५. मुलगा दीड वर्षं रंगीत ताटली-चमचा चघळत होता. आता काय?

आधी ती ताटली बाजूला करा, मग बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातल्या शिशाची साधी तपासणी करून घ्या. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर स्रोत शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक वेळा हाच उपचार असतो. शिसं बाहेर काढणारी औषधं फार वरच्या पातळीला, रुग्णालयातच देतात. ‘डिटॉक्स’च्या पुड्या अजिबात देऊ नका, काही भस्मांमध्येच शिसं सापडलेलं आहे.

लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषतं, आणि लोह कमी असलेल्या बाईच्या अंगात कॅडमियमही जास्त जातं. म्हणून हिमोग्लोबिन तपासा. नाचणी, पालेभाज्या, दूध ताटात नियमित असू दे.

१६. मग प्लास्टिक सगळं काढून जुनी धातूची भांडी आणू?

स्टील आणि काच, निर्धास्त आणा. पितळेला कल्हई शुद्ध कथलाची हवी, शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं म्हणून ओळखीच्या कल्हईवाल्याकडूनच करून घ्या. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसं निघतं. सिॲटल परिसरात निर्वासित कुटुंबांच्या भांड्यांत ते सापडलं आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियमच्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला. परदेशी राहणाऱ्या लेकीसाठी बॅगेत कढई भरणाऱ्यांनी हे वाचावं. लोणच्याला काचेची बरणी उत्तम. चिनी मातीची असेल तर आतून रंगीत नक्षी नसलेली घ्या.

१७. कॅलिफोर्नियातल्या दुकानात डब्यावर ‘शिशाचा धोका’ असा इशारा होता. परत करू?

तो १९८६ च्या ‘प्रपोझिशन ६५’ कायद्याचा इशारा. त्याची शिशाची रेषा दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी खाली आहे, आणि खटला टाळण्यासाठी अनेक कंपन्या न तपासताही तो छापतात. इशारा म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. पण अन्नाचा डबा असेल आणि दुसरा पर्याय असेल, तर मी परत करेन.

१८. काढलेल्या डब्यांचं काय करू? बंबात घातले तर?

बंबात, चुलीत, शेकोटीत कधीही नाही. प्लास्टिक जळतं, धातू जळत नाही. काही धुरात जातो, उरलेला राखेत राहतो. आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत तीच राख भांडी घासायला घेतात, परसातल्या अळू-मिरचीला टाकतात. सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे द्या, देताना झाकणाला आरपार मोठं भोक पाडा, म्हणजे तो डबा पुन्हा कुणाच्या लोणच्यासाठी वापरला जाणार नाही.